अमाल्फीचा किनारा : गडग्यावरची लिंबं आणि पिंपातली मासळी

अमाल्फी किनाऱ्याचा कुठलाही फोटो काढून बघा. खाली निळं पाणी, वर कड्याला बिलगलेली पांढरी-गुलाबी घरं आणि घरांच्या मधून मधून काळ्या जाळीचे पट्टे. फोटो टाकणाऱ्यांना हे पट्टे खुपतात, बांधकामावरची ताडपत्री असावी असं वाटतं. प्रत्यक्षात या किनाऱ्यावर बघण्यासारखं जे आहे, ते त्या जाळीखाली आहे. जाळीखाली लिंबं, लिंबांखाली दगडी भिंती, आणि त्या भिंतींनी धरून ठेवलेला डोंगर. खालची घरं आणि गाडीरस्ता त्याच डोंगराच्या पायथ्याशी उभे आहेत.

नेपल्सच्या दक्षिणेला सोरेन्तोचं द्वीपकल्प समुद्रात घुसतं, त्याची दक्षिणेकडची कड म्हणजे हा किनारा. पश्चिमेला पोझितानो, पूर्वेला व्हिएत्री सुल मारे, मध्ये प्रायानो, अमाल्फी, आत्रानी, मिनोरी, मायोरी, चेतारा, आणि वरच्या अंगाला राव्हेल्लो, स्काला, त्रामोन्ती. पाठीशी मोन्ती लात्तारी हे डोंगर. समुद्रापासून जेमतेम काही किलोमीटरवर त्यांचं सर्वात उंच शिखर १,४४४ मीटरपर्यंत जातं. त्यामुळे सपाट जमीन जवळजवळ नाहीच. १९९७ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही निसर्ग म्हणून नाही, तर माणसाने घडवलेला भूप्रदेश म्हणून.

डोंगर चुनखडीचा आहे, पण वरची माती त्या खडकाची नाही. पलीकडे व्हेसुव्हिअस आहे. इसवी सन ७९ च्या ज्या उद्रेकाने पॉम्पेई गाडलं, त्याची राख आणि प्यूमिसचे हलके खडे या उतारांवरही पडले. ही माती सुपीक, भुसभुशीत, पाणी पटकन पिणारी. पण गुळगुळीत चुनखडीवर ती नुसती टेकलेली असते. मोठा पाऊस झाला की पाण्याने जड होते आणि सरळ खाली येते. ऑक्टोबर १९५४ मध्ये एका रात्रीत सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी आणि मिनोरी परिसरात ३०० हून अधिक माणसं गेली ती अशीच. सप्टेंबर २०१० मध्ये आत्रानीत द्रागोने ओढ्याचा चिखल मुख्य रस्त्यावरून गाड्या वाहून घेऊन समुद्रात उतरला. या मातीला जागेवर धरून ठेवणं हे इथल्या शेतीचं पहिलं काम. लिंबू त्यानंतर.

धरून ठेवायला गडगा. कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको : चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. इथे त्याला माचेरा म्हणतात. फरक एवढाच की आपला गडगा बहुधा हद्द दाखवतो आणि दोन्ही बाजूंनी मोकळा असतो. इथला एका बाजूने अख्खा डोंगर पेलतो, त्यामुळे बांधणीही निराळी. पाया मऊ मातीत चालत नाही, खडक लागेपर्यंत खणायचा. सगळ्यात मोठे दगड तळाला. वरच्या थरातला प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे, सांध्यावर सांधा आला की तिथून चीर पडणार. ठराविक अंतराने एक लांब दगड आडवा न ठेवता आत डोंगराच्या दिशेने घुसवायचा, म्हणजे दर्शनी भाग मागच्या भरावाला बांधला जातो. आणि भिंत सरळसोट उभी नाही करायची, दर मीटर उंचीला हातभर नाही पण वीतभरापेक्षा थोडी कमी, १० ते १५ सेंटीमीटर, डोंगराकडे कलती ठेवायची.

पण खरं कसब पाठीमागे आहे, जे कधीच दिसत नाही. दर्शनी दगड आणि माती यांच्यामध्ये दगडाच्या चिपांचा थर ठासून भरतात. पावसाचं पाणी मातीतून या चिपांत येतं, खाली उतरतं आणि दगडांच्या फटींतून बाहेर पाझरतं. नवशिक्याच्या हातून भिंत पडते ती याच थरात कसूर झाल्याने. चिपांऐवजी माती भरली की पाणी आत अडतं, आणि अडलेल्या पाण्याचा दाब मातीच्या दाबापेक्षा वाईट. भिंतीला मधोमध फुगवटा येतो. इटालियन गवंडीही त्याला ‘पोट सुटणं’ असंच म्हणतात. पोट सुटलेली भिंत आत ढकलून नीट होत नाही. फुगवट्याच्या खालपर्यंत उतरवून, दगड प्रतवारीने मांडून पुन्हा चढवावी लागते. घाईत असलेला मालक फटींत सिमेंट भरून घेतो. दोन-तीन वर्षं भिंत छान दिसते, मग एका शरद ऋतूत अख्खी खालच्या मळ्यात येते, कारण पाण्याच्या वाटाच बुजवलेल्या असतात. सिमेंटच्या रेघा दिसणारा गडगा दिसला की त्याच्या पोटाकडे बघा. २०१८ मध्ये युनेस्कोने इटलीसह आठ युरोपीय देशांची ही कोरड्या दगडाची कला अमूर्त वारशाच्या यादीत घातली. मान चांगला आहे, पण दगड उचलायला माणूस मिळत नाही ही अडचण त्याने सुटत नाही. गडग्यांनी घडवलेल्या या पायरीपायरीच्या मळ्यांवर यंत्र चढत नाही, सगळं हाताने.

आता मांडव. इथलं लिंबू मोकळ्या झाडावर नाही, मांडवावर वाढवतात, द्राक्षासारखं. जात स्फुसातो आमाल्फितानो. ‘फुसो’ म्हणजे सूत कातायची चाती. दोन्ही टोकांना निमुळतं, बोंड पुढे आलेलं फळ, फिकट पिवळी साल, बिया थोड्या. २००१ पासून ‘लिमोने कोस्ता द’अमाल्फी’ या नावाला आयजीपी म्हणजे आपल्या हापूसच्या जीआयसारखं संरक्षण आहे. नियमात बसण्यासाठी फळ किमान १०० ग्रॅमचं हवं, रस २५ टक्क्यांच्या खाली नको, मांडवाची उंची १८० सेंटीमीटरपेक्षा कमी नको, आणि तोडणी हातानेच, फळ जमिनीवर टेकू न देता. तोडणीचा काळ फेब्रुवारी ते ऑक्टोबर. कलम बहुधा कडू संत्र्याच्या खुंटावर.

मांडवाचे खांब आणि आडवे वासे चेस्टनटचे. हे लाकूड वरच्या रानातून, आगेरोला, स्काला, त्रामोन्तीकडून येतं. झाड मुळासकट तोडत नाहीत. बुंध्याशी कापायचं, त्याला पाच-दहा सरळ धुमारे फुटतात, ते बारा-पंधरा वर्षांत खांबाजोगे होतात, मग पुन्हा कापायचे. चेस्टनटच्या लाकडात टॅनिन भरपूर असतं म्हणून ते ओल्या मातीत उभं राहूनही लवकर कुजत नाही. पाइनचा खांब या जागी लावला तर काही वर्षांतच जमिनीलगत मऊ पडतो. बांधायला तार नाही, विलोच्या लवचीक काड्या. तार वाढत्या फांदीत रुतते आणि जखम करते. काडी वाळून स्वतःच तुटते, आणि दर वर्षी छाटणीच्या वेळी नवी बांधायची असतेच. छाटणी आणि बांधणी करणारा माणूस जमिनीवर नसतो, मांडवावर चढून वाशांवरून चालत काम करतो, खाली मळ्याच्या दोन-तीन पायऱ्यांची खोली. इथल्या लिंबूवाल्यांना ‘उडते शेतकरी’ म्हणतात ते यावरून.

जखमेचं मी वर मुद्दाम म्हटलं. लिंबाचा इथला मोठा वैरी माल सेक्को, शब्दशः ‘सुका रोग’. बुरशी पानाच्या, फांदीच्या जखमेतून आत शिरते आणि आतल्या नळ्या बंद करते. आधी एक फांदी टोकाकडून वाळत येते. ती निरोगी भागापर्यंत वेळेत कापून जाळली नाही तर झाड जातं. जखमा करतात गारा, थंडी आणि खारा वारा, आणि बुरशीला हवा असतो हिवाळी पाऊस. म्हणून थंडीच्या तोंडावर मांडव झाकतात. पूर्वी फांद्या आणि सुक्या पाल्याच्या चटया अंथरत, त्यांना पाल्यारेल्ले म्हणत. आता काळी प्लास्टिकची जाळी. जुन्या चटया दिसायला देखण्या होत्या, पण दर वर्षी विणा, चढवा, उतरवा, ही मजुरी आज कुणालाच परवडत नाही. जाळीमुळे फळ सावकाश पिकतं हा दुसरा फायदा. सगळा माल एकदम बाजारात न येता महिनोन्‌महिने थोडा थोडा काढता येतो.

आणि काढलेला माल खाली न्यायचा कसा? शतकानुशतकं बायकांच्या खांद्यांवरून. ‘स्पोर्ता’ नावाचा हारा, ५० किलोंच्या पुढचं वजन, शेकडो दगडी पायऱ्या उतरून किनाऱ्यापर्यंत, दिवसाला अनेक खेपा. या बायकांना फोर्मिकेल्ले, ‘छोट्या मुंग्या’ म्हणत. नाव लाडिक आहे, काम नव्हतं. आज काही ठिकाणी तारेवरचा पाळणा आहे, काही ठिकाणी एका रुळावरची छोटी गाडी, आणि खेचर अजूनही आहे. सपाट मळ्यातल्या लिंबाशी किमतीत टक्कर कशी देणार? देता येत नाही, म्हणूनच वरचे मळे सोडून दिले जातात. सोडलेल्या मळ्यात झुडपं माजतात, त्यांची मुळं गडग्यात घुसतात, वरची भिंत पडते ती खालच्या भिंतीवर, आणि शेवटी दगड गाडीरस्त्यावर.

स्वयंपाकात या लिंबाची गंमत रसात नाही, सालीत आणि सालीखालच्या पांढऱ्या गरात आहे. आपल्या कागदी लिंबाला तो गर जवळजवळ नसतोच. जवळचं म्हणायचं तर महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं. लिंबाची कोशिंबीर इथे खरंच जेवणात असते : पिवळी साल वरवर सोलून काढायची, पांढरा भाग तसाच ठेवायचा, चकत्या करून दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात, निथळून त्यावर ऑलिव्ह तेल, पुदिना, लसणाची पाकळी, चिमूटभर लाल तिखट, थोडं व्हिनेगर. गर गोडसर लागतो. बाजारातल्या साध्या पिवळ्या लिंबाने केली तर कडूजहर होते, त्या वाटेला जाऊ नका.

लिमोनचेल्लोबद्दल भलत्याच पाककृती फिरतात, म्हणून प्रमाण देते. इटलीत किराणा दुकानात ९५ टक्क्यांचं पिण्याजोगं अल्कोहोल मिळतं. एक लिटरला ८ ते १० लिंबांची साल. सोलाण्याने फक्त पिवळी साल, पांढरं अजिबात नको, सगळा कडूपणा तिथून येतो. काचेच्या बरणीत, अंधारात, आठवडाभर. साली पांढुरक्या आणि कडक झाल्या की तेल उतरलं. मग १.५ लिटर पाणी आणि ८०० ग्रॅम साखरेचा पाक, पूर्ण गार करून मिसळायचा. मिश्रण लगेच दुधाळ पिवळं होतं, कारण अल्कोहोलमध्ये विरघळलेलं सालीचं तेल पाणी येताच बारीक थेंबांत सुटं होतं. दुधाळपणा ही चूक नाही, लक्षण आहे. काचेसारखी पारदर्शक आणि झगझगीत पिवळी बाटली दिसली तर साल कमी आणि रंग जास्त. वरच्या मापाने दारू साधारण ३२ टक्क्यांची होते आणि फ्रीजरमध्ये गोठत नाही. बर्फाचे कण दिसले तर पाणी जास्त झालंय. भारतात करताना व्होडका घ्या, पाणी निम्म्याहून कमी करा. प्रयोगशाळेतलं किंवा दवाखान्यातलं स्पिरिट चुकूनही वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं आणि डोळे जातात.

वरच्या रानातलं तेच चेस्टनट खाली समुद्राकाठी दुसऱ्या कामाला येतं. चेतारा हे कोळ्यांचं गाव. इथली अँचोव्ही, इटालियनमध्ये आलिची, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी. २५ मार्चच्या सणापासून २२ जुलैच्या मारिया माग्दालेनाच्या दिवसापर्यंत धरलेली सर्वात चांगली मानतात, आणि कोलातुरा दी आलिची दी चेतारासाठी तीच चालते. पुढे मासळीत चरबी बदलते आणि खारवलेला माल खवट होण्याचा धोका वाढतो. २०२० मध्ये या कोलातुराला डीओपी, म्हणजे मूळ ठिकाणाशी बांधलेलं नावाचं संरक्षण मिळालं. कोलातुरा म्हणजे गाळून आलेलं, पाझरलेलं. रोमन लोकांच्या गारूमची ही नातलग, पण गारूममध्ये आतडी असत, यात नसतात.

कृती अशी. मासळी जाळ्यातून आल्या आल्या, पाण्याने न धुता, हाताने डोकं मुरडायचं, डोक्याबरोबर आतडी ओढून निघतात. सुरी लागत नाही. भरपूर जाड्या मिठात एक दिवस ठेवायची, रक्त आणि पहिलं पाणी सुटतं ते टाकून द्यायचं. मग चेस्टनटच्या छोट्या पिंपात, याला तेर्झिन्यो म्हणतात, म्हणजे मोठ्या पिंपाचा तिसरा हिस्सा, एक थर मासळी, एक थर मीठ. मासळी डोक्याकडे शेपटी अशी दाटीने लावायची, पोकळी राहता कामा नये, कारण पोकळीत हवा आणि हवेने खवटपणा. वर लाकडी चकती, तिच्यावर समुद्रातले गोटे. सुरुवातीला वजन जास्त, नंतर कमी करत न्यायचं. सुरुवातीलाच हलकं ठेवलं तर पाणी सुटत नाही आणि मासळी मिठात नीट मुरत नाही. शेवटपर्यंत जड ठेवलं तर तिचा लगदा होतो, आणि खारवलेली मासळीही विकायची असते.

वर जे पाणी येतं ते पूर्वी काचेच्या भांड्यांत काढून उन्हात ठेवत, घट्ट होऊ देत. मुरणं पूर्ण झालं की ते परत पिंपात ओततात आणि तळाशी टोच्याने भोक पाडतात. पाणी पुन्हा सगळ्या थरांतून उतरतं, प्रत्येक थराची चव घेऊन, आणि थेंब थेंब बाहेर येतं. रंग जुन्या मधासारखा, तांबूस. तागाच्या कापडातून गाळलं की झालं. पूर्वी चार-पाच महिन्यांत, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला पहिली बाटली निघायची. आताच्या नियमाने किमान नऊ महिने मुरवावी लागते. स्टीलच्या टाकीत हेच केलं तर चालेल का, असा प्रश्न येतो. खारं पाणी मिळतं. पण लाकूड श्वास घेतं, जुन्या पिंपाच्या भिंतीत आधीच्या हंगामांचं मुरलेलं असतं, ती चव येत नाही.

नाताळच्या आदल्या रात्री मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशी कोलातुराची स्पगेटी. चौघांना ४०० ग्रॅम स्पगेटी, कोलातुरा माणशी एक मोठा चमचा, ऑलिव्ह तेल पाच-सहा चमचे, दोन पाकळ्या लसूण, पार्सली, लाल मिरची. उकळत्या पाण्यात मीठ घालायचं नाही, ही पहिली आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. मोठ्या भांड्यात तेल, ठेचलेला कच्चा लसूण, पार्सली, मिरची आणि कोलातुरा थंडच एकत्र करायचं. स्पगेटी किंचित कच्ची असताना उचलून त्यात टाकायची, सोबत अर्धा डाव पिठूळ पाणी, आणि चकचकीत लेप बसेपर्यंत हलवायचं. गॅसवर कोलातुरा कधीच नाही. तापली की सुगंध उडतो आणि उरतो तो नुसता मासळीबाजार. वरून चीज घालू नका. आशियाई फिश सॉस बदली म्हणून चालवायचा असेल तर निम्मा घ्या आणि साखर घातलेला नको.

कागदाचं थोडक्यात सांगते. अमाल्फीच्या पाठीमागे कान्नेतो ओढ्याच्या दरीत मध्ययुगापासून चिंध्यांचा कागद होई, त्याला बाम्बाजीना म्हणत. सुती, तागाच्या चिंध्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी दगडी कुंडात कुटायच्या, लगदा पितळी तारांच्या साच्यावर उचलायचा, लोकरी नमद्यांत दाबायचा, हवेशीर माळ्यावर वाळवायचा, सरसात बुडवायचा. सरस चुकला तर शाई फुटते. १९५४ च्या पुराने बहुतेक गिरण्या संपवल्या. १९६९ मध्ये एका जुन्या गिरणीत संग्रहालय झालं, तिथे हातोडे आजही पाण्यावर चालवून दाखवतात. दुकानातल्या कागदावरून खरं-खोटं ओळखायचं तर ताव उजेडात धरा : चारही कडा दातेरी आणि आत जलचिन्ह दिसलं पाहिजे.

सणांपैकी एकच निवडायचा तर २७ जून. १५४४ साली त्या दिवशी तुर्की नौदलाचा सेनानी बार्बारोस्सा अमाल्फीवर चालून आला आणि वादळाने त्याची गलबतं उधळली. श्रेय गावाच्या संत आंद्रेयाला. संध्याकाळी संताची जड मूर्ती समुद्राकाठून मिरवून आणतात आणि चर्चच्या ६२ पायऱ्यांवरून खांदेकरी ती अक्षरशः पळत वर नेतात. मध्ये थांबायचं नाही. गर्दी श्वास रोखून बघते, कारण पुढचा अडखळला तर मागच्यांवर सगळा भार येतो. बसायला जागा नसते, पाच वाजल्यापासून चौकात उभं राहायची तयारी ठेवा.

लिंबं जवळून बघायला पोझितानो नाही, मिनोरी ते मायोरीचा ‘सेन्तिएरो देइ लिमोनी’ चाला. तासाभराची पायऱ्यांची वाट, मांडवांच्या मधूनच जाते. एप्रिल-मेमध्ये फळ आणि फूल एकाच झाडावर असतात. डोंगर बघायचा तर बोमेरानो ते नोचेल्लेची ‘देवांची वाट’, याच दिशेने, म्हणजे चढ कमी. नोचेल्लेहून समुद्राकडे १,७०० च्या आसपास पायऱ्या उतरतात, दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. बसचं तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानात घेऊन ठेवायचं, आणि सोरेन्तोहून अमाल्फीकडे जाताना उजवीकडे बसायचं. उन्हाळ्यात मात्र बस सोडून सालेर्नोहून बोट धरा, एकमेकींसमोर अडकलेल्या दोन बसांमध्ये अर्धा तास जाणं नेहमीचं आहे.

चेताऱ्यात कोलातुरा घेताना मागची चिठ्ठी वाचा. अँचोव्ही आणि मीठ, तिसरं नाव नको. १०० मिलीपेक्षा मोठी बाटली बहुतेक विमानतळांवर हातसामानात नेता येत नाही, म्हणून ती चेक-इनच्या बॅगेत जाते. झाकणावर चिकटपट्टी, दोन पिशव्या, मग बुटात. फुटली तर बूट फेकता येतात, साड्या नाही.